व्याख्यान फुकट, गृहपाठ महाग

'फुकट ते पौष्टिक' असं आपल्याकडे म्हणतात. लग्नातल्या जेवणाला, मॉलमधल्या 'एकावर एक'ला आणि हापिसातल्या चहाला ते लागूही पडतं. पण आंतरजालावरच्या फुकट कोर्सेसच्या बाबतीत माझं मत जरा वेगळं आहे. तिथे जे फुकट आहे ते पौष्टिक नाही, आणि जे पौष्टिक आहे ते फुकट नाही. आजचा वीकांत या विषयाला.

आधी पार्श्वभूमी. आपल्या आयटीतल्या कुठल्याही टीममध्ये जाऊन विचारा, 'तुझं इंजिनिअरिंग कशातलं?' निम्मे लोक मेकॅनिकल, सिव्हिल, ईअँडटीसी, इन्स्ट्रु वगैरे निघतात. (मी मेकॅनिकलवाला. लेथ मशीनवर जॉब काढलेला आहे, अजून आठवतो.) कॅम्पसला कंपनी येते, गणिताची-इंग्रजीची परीक्षा होते, निवड होते. मग तीन महिन्यांचं ट्रेनिंग, त्यात जावा किंवा टेस्टिंग किंवा सॅप, आणि चौथ्या महिन्यात माणूस प्रोजेक्टवर. यात वाईट काही नाही. या वाटेने हजारो घरांत पहिला फ्लॅट आला, भावंडांची शिक्षणं झाली. पण या वाटेवर कॉम्प्युटर सायन्स नावाचं गाव लागतच नाही. माणूस दहा वर्षं गाडी चालवतो, पण बॉनेट उघडायची वेळ कधी येत नाही. आणि जे कॉम्प्युटरवाले असतात त्यांच्यातले बरेच जण 'डेटा स्ट्रक्चर्स' परीक्षेच्या आदल्या रात्री गाईडमधून पाठ करून आलेले असतात, म्हणजे तेही आपल्याच पंगतीत.

आता तुम्ही म्हणाल, की गाडी चालतेय ना, मग बॉनेट कशाला उघडायचं? प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल एक उदाहरण देतो.

आमच्या इथे रात्री चालणारा एक जॉब होता. दोन याद्या जुळवायच्या, एकीतली नोंद दुसरीत आहे का बघायचं, नसेल तर वेगळी काढायची. इतकंच काम. लिहिला तेव्हा याद्या वीस-वीस हजारांच्या होत्या आणि जॉब एक-दीड सेकंदात संपायचा. काही वर्षांत याद्या वीस-वीस लाखांवर गेल्या आणि जॉबला चार तास लागायला लागले. सकाळी युजर यायच्या आत तो संपेना. मीटिंगा झाल्या. मोठा सर्व्हर घ्या, मेमरी वाढवा, वगैरे प्रस्ताव आले, कोटेशनही मागवून झालं. आमच्या टीममध्ये एक मुलगी आहे, सिव्हिलची, सांगलीकडची. तिने कोड उघडला आणि म्हणाली, 'सर, हे लिस्टमध्ये शोधतोय आपण. प्रत्येक नोंदीसाठी अख्खी यादी पहिल्यापासून वाचतोय.' वीस लाख गुणिले वीस लाख म्हणजे चार लाख कोटी तुलना. सरासरी निम्म्या यादीत सापडतं असं धरलं तरी दोन लाख कोटी. तिने ती यादी हॅशसेटमध्ये टाकली. बदल दोन ओळींचा. जॉब मिनिटाच्या आत संपला. सर्व्हरचं कोटेशन तसंच फायलीत राहिलं.

आता यातली गंमत बघा. डेटा शंभरपट वाढला होता, पण वेळ दहा हजारपट वाढला. हे ज्याला 'एन स्क्वेअर' माहीत आहे त्याला बघताक्षणी कळतं, आणि ज्याला माहीत नाही त्याला आयुष्यभर 'सर्व्हर स्लो आहे' इतकंच दिसतं. दोघंही जावा उत्तम लिहितात, दोघांच्याही बायोडाटावर तीच अक्षरं असतात. ती मुलगी हे शिकली होती एनपीटीईएलच्या एका कोर्सवर, पीजीतल्या खोलीत, हेडफोन लावून.

तर असं आहे. आता मूळ मुद्द्याकडे येतो.

फुकट कोर्सेसची कथा तशी जुनी आहे. एमआयटीने २००१ साली जाहीर केलं, की आम्ही आमच्या अभ्यासक्रमाचं साहित्य सगळ्या जगाला मोफत देणार. तो 'ओपनकोर्सवेअर' प्रकल्प. आपल्याकडे आयआयटी आणि आयआयएससी यांनी मिळून २००३ मध्ये एनपीटीईएल सुरू केलं. २०११ च्या शरद ऋतूत स्टॅनफर्डने तीन कोर्स सगळ्यांसाठी उघडले. कृत्रिम बुद्धिमत्तेचा सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांचा, मशीन लर्निंगचा अँड्र्यू एनजी यांचा आणि डेटाबेसचा जेनिफर विडम यांचा. एकट्या पहिल्या कोर्सला दीड लाखाहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं! २०१२ मध्ये युडॅसिटी, कोर्सेरा आणि एडएक्स या तिन्ही दुकानांची उद्घाटनं झाली, आणि आता विद्यापीठं बंद पडणार असे लेख यायला लागले.

विद्यापीठं काही बंद पडली नाहीत. एमआयटी आणि हार्वर्डच्या एडएक्सवरच्या कोर्सेसचा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात २०१९ मध्ये छापून आला. त्यात २०१७-१८ या वर्षी नाव नोंदवलेल्यांपैकी कोर्स पूर्ण करणारे किती होते? ३.१३ टक्के. शंभरातले तीन. आणि नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी कोर्सचं दारच उघडलं नव्हतं.

यावरून लोक दोन निष्कर्ष काढतात. एक म्हणजे 'लोक आळशी आहेत' आणि दुसरा म्हणजे 'ऑनलाईन शिक्षण भंपक आहे'. मला दोन्ही पटत नाहीत. माझं म्हणणं असं, की आपण फुकट नेमकं काय मिळतंय हेच ओळखत नाही. फुकट मिळतंय ते व्याख्यान. आणि व्याख्यान ऐकून कॉम्प्युटर सायन्स येत नाही, जसं सायकलवरचं व्याख्यान ऐकून सायकल येत नाही. ते येतं गृहपाठातून.

याला पुरावा बाजारानेच दिलाय. २०१६ च्या सुमारास कोर्सेराने आणि २०१८ च्या अखेरीपासून एडएक्सने काय केलं? बऱ्याच कोर्सेसचे व्हिडिओ फुकट ठेवले आणि तपासला जाणारा गृहपाठ पैसे भरणाऱ्यांपुरता केला. दुकानदार कधी चुकत नाही हो. गल्ल्यापाशी काय ठेवायचं आणि फुटपाथवर काय मांडायचं हे त्याला बरोबर कळतं.

गृहपाठ म्हणजे काय चीज असते त्याचा एक नमुना सांगतो. प्रिन्स्टनचा सेजविक आणि वेन यांचा अल्गोरिदमचा कोर्स आहे, दोन भागांत. (मी केला तेव्हा गृहपाठासकट पूर्ण फुकट होता. सर्टिफिकेट नव्हतंच, त्यामुळे लिंक्डइनवर मिरवायची सोय नाही.) त्याचा पहिला गृहपाठ असा. एक चौकोनी जाळी घ्या, समजा शंभर बाय शंभर. सगळ्या खोल्या बंद. एकेक खोली चिठ्ठी टाकल्यासारखी निवडून उघडत जा. वरून पाणी ओतलं तर उघड्या खोल्यांतून झिरपत ते तळापर्यंत कधी पोचेल? मुरुमातून पावसाचं पाणी झिरपतं ना, तसंच. उत्तर साधारण असं, की ५९.३ टक्के खोल्या उघडल्या की पाणी आरपार जातं. या आकड्यासाठी बसतं असं गणिती सूत्र नाही, कॉम्प्युटरवर प्रयोग करूनच तो काढावा लागतो.

आता प्रत्येक खोली उघडल्यावर 'ही त्या खोलीला जोडलेली आहे का' हे विचारावं लागतं, पुन्हा पुन्हा. ते सरळसोट पद्धतीने केलं तर प्रत्येक जोडणीला अख्खी यादी चाळावी लागते. शंभर कोटी वस्तू आणि शंभर कोटी जोडण्या असतील, आणि मशीन सेकंदाला शंभर कोटी कामं करत असेल, तर या पद्धतीला एकतीस वर्षं लागतील. त्याऐवजी झाडासारखी रचना केली आणि जोडताना लहान झाड मोठ्या झाडाखाली लावलं, तर झाडाची उंची तीसच्या वर जात नाही आणि तेच काम अर्ध्या मिनिटाच्या आसपास होतं. एकतीस वर्षं विरुद्ध तीस सेकंद! मशीन तेच, भाषा तीच. बदल फक्त 'कोणाखाली कोण' एवढ्या एका नियमाचा. व्याख्यानात हे ऐकलं की माणूस 'वा!' म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. स्वतःच्या लॅपटॉपवर पंखा घरघरायला लागला आणि तो एक नियम घातल्यावर अचानक गप्प झाला, की ते मरेपर्यंत विसरत नाही.

पुढे अजून मजा आहे. वेळ वाचवायला वर एक काल्पनिक खोली आणि खाली एक काल्पनिक खोली धरायची अशी युक्ती आहे. ती लावली की बहुतेकांचा प्रोग्राम चालतो, पण एक विचित्र गोष्ट होते. पाणी तळाला पोचलं की तळाच्या काल्पनिक खोलीतून ते मागे वर चढतं, आणि ज्या खोल्यांपर्यंत वरून वाटच नाही त्याही भिजलेल्या दिसतात. हे तुम्हाला कोणी सांगत नाही. तपासणारा यंत्रमानव फक्त 'या या चाचणीत नापास' एवढंच म्हणतो. मग शनिवारची दुपार जाते, चहा होतो, वहीवर चौकोन काढले जातात, आणि संध्याकाळी भाजी आणायला गेल्यावर मंडईत कोथिंबिरीच्या गाड्यापाशी उत्तर सुचतं. ती दुपार म्हणजे कोर्स. बाकीचं सगळं प्रस्तावना.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात, ते असं.

दुसरं उदाहरण अगदी आपल्या घरातलं देतो, कारण 'हे सगळं परदेशातल्या लोकांचं, आपल्या रोजच्या कामात काय उपयोग' असं म्हणणारे भेटतात. मुलाखतीत एक घासून गुळगुळीत झालेला प्रश्न असतो, शब्द उलटा करून दाखवा. आता 'ज्ञानेश्वर' हा शब्द घ्या. आपल्या दृष्टीने अक्षरं किती? ज्ञा, ने, श्व, र. चार. पायथनला विचारा, तो म्हणतो दहा. कारण युनिकोडमध्ये ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व आणि र असे दहा वेगवेगळे संकेत आहेत. आणि डिस्कवर यूटीएफ-८ मध्ये लिहिलं, तर देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट, म्हणजे तीस बाइट. एकाच नावाची लांबी चार, दहा आणि तीस. तिन्ही बरोबर!

आता पुस्तकातली ती शब्द उलटा करणारी ओळ या नावावर चालवा. बाहेर काय पडतं? 'रव्शेनाञ्ज'. माउलींनी रेड्याकडून वेद वदवले, पण हे कोणाकडूनही वदवता येणार नाही. :-)

हसू नका, यातून खरे घोटाळे होतात. डेटाबेसमध्ये नावाचा रकाना वीस बाइटांचा ठेवला की इंग्रजीतला 'ज्ञानेश्वर' आरामात बसतो आणि मराठीतला बसत नाही. तो तरी नुसता नाकारला जातो. पण जिथे प्रोग्राम विसाव्या बाइटला कात्री लावतो तिथे एक संकेत मध्येच कापला जातो आणि शेवटी तो प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन दिसतो. एसएमएसचंही तेच. इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरं मावतात, मराठी लिहिलं की ७० संकेत. मग एका निरोपाचे दोन-तीन संदेश होतात आणि बिलही त्या हिशेबाने येतं. जुन्या फॉन्टांच्या जमान्यात मराठी फाईल दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की काय अगम्य लिपी दिसायची ते ज्यांनी सोसलंय त्यांना हे जास्त पटेल. यूटीएफ-८ ही योजना केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत बसून, ताटाखालच्या कागदावर आखली. आज आपण मराठी टंकतो ते त्या कागदाच्या जोरावर. आणि हा विषय हार्वर्डच्या सीएस५० मध्ये अगदी पहिल्याच व्याख्यानात निघतो, इतका तो मूलभूत आहे. पण आपल्या नावांचा आणि आपल्या गावांचा डेटा सांभाळणारी माणसं आपणच, त्यामुळे तो पाश्चात्त्यांपेक्षा आपल्याला जास्त लागतो.

आता सध्याचा मोठा प्रश्न. 'अरे, कोड तर आता एआय लिहितं. मूलभूत गोष्टी शिकून काय लोणचं घालायचंय?' हे मला गेल्या दोन वर्षांत इतक्या वेळा ऐकायला मिळालंय की आता उत्तर तोंडपाठ झालंय.

पहिली गोष्ट, हा आक्षेप पोकळ नाही. वर सांगितलेला जॉबचा कोड आजच्या एखाद्या साधनाला दाखवला तर ते लिस्टचा दोष चटकन दाखवेल, यात मला शंका नाही. पण तो कोड दाखवायचा हे ठरवणार कोण? मीटिंगमध्ये चर्चा सर्व्हरची चालू होती, कोडची नव्हे. 'डेटा शंभरपट आणि वेळ दहा हजारपट, म्हणजे दोष कोडमध्ये असणार' हा संशय ज्याच्या डोक्यात येतो तोच योग्य प्रश्न विचारतो. बाकीचे त्याच साधनाला 'मोठा सर्व्हर कुठला घेऊ' असं विचारतात आणि त्याचंही फार सुंदर, मुद्देसूद उत्तर मिळतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पूर्वी कोड लिहिणं महाग होतं, तपासणं त्यामानाने स्वस्त. आता लिहिणं जवळपास फुकट झालंय, त्यामुळे सगळा भार तपासण्यावर आलाय. दिवसाला दोनशे ओळी लिहिणारा माणूस आता दोन हजार ओळींवर 'ठीक आहे' म्हणून सही करतो. ती सही तुमची असते. रात्री दोन वाजता फोनही तुम्हालाच येतो. तेव्हा माझ्या मते मूलभूत गोष्टींची किंमत कमी झालेली नाही, वाढली आहे. ज्याचं काम फक्त टंकायचं होतं, त्याच्या पायाखालची वाळू मात्र सरकते आहे. हे बोलायला कडू लागतं, पण गोड करून सांगण्यात अर्थ नाही. आपल्यातल्या कित्येकांचे गृहकर्जाचे हप्ते अजून पंधरा वर्षांचे आहेत.

एआयमुळे गृहपाठाचं मात्र खरंच नुकसान झालंय. पूर्वी उत्तर शोधायला निदान कष्ट पडायचे, आता प्रश्न चिकटवला की उत्तर हजर. तेव्हा स्वतःपुरता एक नियम करावा लागतो. सीएस५० वाल्यांनी २०२३ मध्ये आपलं स्वतःचं एआय बदक आणलं. ते उत्तर देत नाही, उलट प्रश्न विचारून वाट दाखवतं. तोच नियम घरी पाळायचा. 'मला उत्तर देऊ नकोस, मी कुठे अडलोय ते मला प्रश्न विचारून शोधायला लाव' असं सांगितलं की ही साधनं शिकवणीच्या सरांसारखी वागतात. आणि आपल्या गल्लीत कुठल्याही फीमध्ये मिळणार नाहीत असे धीराचे सर!

बरं, आता 'महाग' या शब्दाकडे येऊ. गृहपाठ महाग म्हणतो ते पैशांनी नव्हे, तासांनी. प्रिन्स्टनच्या कोर्सचा पहिला भाग कागदावर सहा आठवड्यांचा आहे. नोकरी सांभाळून मला अकरा वीकांत लागले. हे तास सगळ्यांकडे सारखे नसतात, हे आपण पुरुषमंडळी सोयीस्करपणे विसरतो. माझ्या माहितीतली एक सहकारी पहाटे पाच ते सहा अभ्यास करते, कारण सहा वाजता डबे, शाळेची बस आणि सासूबाईंची औषधं सुरू होतात. तिचा नवराही आयटीत आहे, तो शनिवारी सकाळी 'अपस्किलिंग' करतो आणि त्याच्या खोलीचं दार बंद असतं. 'मोफत शिक्षण सगळ्यांना खुलं' या वाक्यातल्या 'सगळ्यांना' या शब्दाची खरी किंमत अशा घरांत कळते. शनिवारची पोळीभाजी ज्याने केली त्याने एका अर्थी दुसऱ्याची फी भरली, असं मी मानतो.

कंपन्यांबद्दलही एक तक्रार आहे. बऱ्याच ठिकाणी वर्षाला अमुक इतके 'लर्निंग अवर्स' भरायचं बंधन असतं. ते कसे भरतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. एका खिडकीत आवाज बंद करून व्हिडिओ चालू, दुसऱ्या खिडकीत काम चालू, आणि मार्चअखेर मॅनेजरच्या तक्त्यात सगळे हिरवे. पालथ्या घड्यावर पाणी! त्यापेक्षा शुक्रवारी दुपारचे दोन तास द्या आणि तास मोजण्याऐवजी सोडवलेला एक गृहपाठ टीमसमोर समजावून सांगायला लावा. खर्च तितकाच. पण हे होत नाही, कारण व्हिडिओ मोजता येतो आणि समज मोजता येत नाही.

इथे एनपीटीईएलबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत, कारण आपल्या लोकांना घरच्या गोष्टीची किंमत नसते. 'फळा, खडू आणि एकसुरी आवाज' म्हणून त्याची टिंगल होते. पण आयआयटी दिल्लीच्या नवीन गर्ग यांची डेटा स्ट्रक्चर्सची व्याख्यानं, चेन्नईच्या माधवन मुकुंद यांचा अल्गोरिदमचा कोर्स किंवा आपल्या पवईच्या अभिराम रानडे यांचा सी++ मधून प्रोग्रामिंग शिकवणारा कोर्स, हे नुसते बघून तरी टिंगल करा. शिवाय इथला व्यवहार सरळ आहे. व्याख्यानं फुकट, दर आठवड्याचा गृहपाठ फुकट, आणि प्रमाणपत्र हवं असेल तर हजारेक रुपये भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्या. २०१४ पासून हे चालू आहे. घरबसल्या क्लिक करून मिळणाऱ्या प्रमाणपत्रापेक्षा, रविवारी सकाळी उठून केंद्रावर जाऊन मिळवलेल्याला मी तरी जास्त मान देतो. ज्यांना इंग्रजीचं दडपण आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' आहेत, छोटे छोटे धडे, मराठीतूनही. तिथे सिद्धांत कमी आणि हाताने करायचं जास्त, पण पहिली भीती मोडायला उत्तम.

'सुरुवात कुठून करू' असं विचारणाऱ्यांसाठी माझा क्रम असा आहे. पटला तर घ्या.

१. सीएस५० किंवा नँड टू टेट्रिस, दोन्हींपैकी एकच. पहिला जरा मिरवत, नाटक करत शिकवतो, पण गृहपाठ कसदार आणि तपासणी फुकट. दुसरा निसान आणि शॉकेन या इस्रायली प्राध्यापकांचा. एका साध्या नँड गेटपासून सुरू करून बारा प्रकल्पांत अख्खा कॉम्प्युटर, असेंब्लर, कंपायलर आणि छोटी ऑपरेटिंग सिस्टिम आपण स्वतः बांधतो. ईअँडटीसीवाल्यांनी हाच घ्यावा, अर्धं गाव ओळखीचं निघतं.

२. अल्गोरिदम. प्रिन्स्टनचा किंवा मुकुंद सरांचा. गणिताची भीती असेल तर प्रिन्स्टनचा, गणित आवडत असेल तर एमआयटीचा २०११ चा डेमेन आणि देवदास यांचा.

३. ऑपरेटिंग सिस्टिम. विस्कॉन्सिनच्या अर्पाची-दुसो दांपत्याचं पुस्तक आंतरजालावर मोफत आहे आणि ते चक्क विनोदी आहे. सोबत एमआयटीची एक्सव्ही६ ही शिकवण्यासाठी लिहिलेली चिमुकली सिस्टिम. थ्रेड, लॉक, मेमरी हे शब्द आपण रोज वापरतो, त्यांचा अर्थ इथे कळतो.

४. डेटाबेस. कार्नेगी मेलनच्या अँडी पाव्लो यांचा कोर्स. माणूस विक्षिप्त, विषयावर जीव टाकणारा. इंडेक्स लावल्यावर क्वेरी पळते, हे आपल्याला माहीत असतं. का पळते ते इथे कळतं.

बस, चार. सहा महिन्यांना एक धरला तरी दोन वर्षं. दोन वर्षं फार वाटतात, पण तशीही ती जाणारच आहेत. यादीत कॉम्प्युटर नेटवर्क नाही, कंपायलर पूर्ण नाही, मशीन लर्निंग तर नाहीच, हे मला ठाऊक आहे. मुद्दाम ठेवलेलं नाही. अर्धवट बाराऐवजी पूर्ण चार बरे. आणि चारऐवजी एकच पूर्ण झाला तरी शंभरातल्या त्या तिघांत तुम्ही गेलात.

एक शेवटचं. एमआयटीचे एबलसन आणि ससमन यांची १९८६ सालची व्याख्यानं आजही लोक आवडीने बघतात. तो कोर्स एमआयटीत पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी गाजलेला, पण ही चित्रफीत जिथे झाली तिथे समोर बसले होते ह्युलेट-पॅकार्ड कंपनीचे कर्मचारी. म्हणजे नोकरदार माणसं. कोणाचं प्रोजेक्ट अडलेलं असेल, कोणाच्या घरी लहान मूल असेल. ते बसले होते, प्रश्न विचारत होते. तेव्हा 'आता या वयात काय शिकायचं' हे वाक्य निदान या विषयात तरी आपण वापरू नये.

कुठला कोर्स निवडायचा यावर फार डोकं खाजवू नका. व्हिडिओची यादी साठवून ठेवू नका, प्रमाणपत्राची फी आधी बघू नका. गृहपाठ क्रमांक एक उघडा, आणि अडेपर्यंत करत राहा. अडलात की समजा कोर्स सुरू झाला.